‘रन’ची कुळकथा

इंग्रजीतला सर्वांत मोठा शब्द कोणता, असे विचारले की मुले लगेच वीस-पंचवीस अक्षरांचा एखादा अगडबंब शब्द पुढे करतात. वैद्यकातला नाहीतर रसायनातला. ज्याचा उच्चार करताना दमच लागावा असा. पण शब्दाचा मोठेपणा लांबीवर न मोजता त्याच्या अंगावर अर्थांचा केवढा संसार आहे यावर मोजायचा ठरवला, तर ही सारी अगडबंब मंडळी पहिल्या फेरीतच बाद होतात. त्यांना बिचाऱ्यांना एकेकच अर्थ. तोही वर्षातून एकदा कामाला येणारा. खरा पसारा असतो तो दोन-तीन अक्षरांच्या, चुलीपासून कचेरीपर्यंत राबणाऱ्या क्रियापदांचा.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तीत सर्वांत लांब नोंद होती ती ‘सेट’ या क्रियापदाची. त्याचे ४३० अर्थ दिले होते आणि ते सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. मी कादंबऱ्या लिहितो. साठ हजार शब्दांत माझी दोन लग्ने, एक मृत्यू आणि एक कोर्टकज्जा आरामात उरकतो. इथे तेवढा ऐवज एका शब्दावर खर्च झालेला!

पण ‘सेट’चे हे पाटीलपण टिकले नाही. कोशाचे नवे संशोधन ‘एम्’ या अक्षरापासून सुरू झाले आणि २००० साली सुधारलेल्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा ‘मेक’ने त्याला मागे टाकले. २००७ साली ‘पुट’ने ‘मेक’वर ताण केली. आणि २०११ साली ‘रन’ आले, ते एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ घेऊन. नाम म्हणून जो ‘रन’ आहे, ज्याच्यासाठी आपली पोरे दुपारच्या उन्हात मैदानावर जीव टाकतात, त्याचा हिशेब वेगळाच. धावण्याच्या शब्दानेच शर्यत जिंकावी यात थोडा काव्यात्म न्याय आहे. पण या विजयामागे हजार-बाराशे वर्षांची चाल आहे, आणि ती चाल टिपून ठेवण्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. मला सांगायची आहे ती ही कथा.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी गिरवली असेल त्यांना आठवेल, की इंग्रजी शिकण्याचा आपला जुना मार्ग म्हणजे एका शब्दासमोर एक अर्थ. ‘रन’ म्हणजे धावणे. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी, मध्ये पट्टीने आखलेली रेघ. या रेघेवर विश्वास ठेवणारा प्रामाणिक मुलगा पुढे वाचतो : ‘शी रन्स अ हॉटेल’, आणि लिहितो, ‘ती हॉटेल धावते.’ ‘हिज नोज रन्स’चे ‘त्याचे नाक धावते’ होते. वर्ग हसतो. मास्तरही हसतो, कारण मास्तरालाही करमणूक लागते. पण त्या मुलाचे काय चुकले? त्याने तर वहीतला अर्थच वापरला. मला त्या वेळी हसू कमी आणि त्या पोराची कीव जास्त येते. कारण भाषा म्हणजे कुलपांची आणि किल्ल्यांची जोडी आहे असे आम्हीच त्याला सांगितलेले असते.

एकदा एका परीक्षकांशी माझा याच शब्दावरून वाद झाला. त्यांचे म्हणणे असे, की ‘रन’चा वाच्यार्थ धावणे, माणसाचे, घोड्याचे, पायांचे. नदीच्या बाबतीत ‘रन’ म्हणतात तो लक्ष्यार्थ. आधी पाय, मग पाणी. ऐकायला हे अगदी सरळ वाटते. अलंकारशास्त्र शिकलेला कोणीही मान डोलावील. पण इतिहास काढून पाहिला म्हणजे हा सरळपणा टिकत नाही.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकण्यापूर्वीच्या भाषेत, या क्रियापदाचे रूप ‘रिन्नन’ असे होते. त्याहून जास्त चालणारे रूप ‘इर्नन’. ‘रि’चे ‘इर्’ झाले, म्हणजे अक्षरांनी जागा बदलल्या. यात परके काही नाही. आपली मुले डेस्काला ‘डेक्स’ म्हणतात आणि रिक्षाला ‘रिश्का’. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज शेतकरी तेच करीत होता. पुढे उत्तरेकडून डेन आणि नॉर्वेजियन लोक आले, इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागांत स्थायिक झाले, आणि त्यांच्या तोंडच्या ‘रेन्ना’ने मूळच्या शब्दाला पुन्हा ‘र’पासून सुरू व्हायला भाग पाडले. आजचा ‘रन’मधला स्वर भूतकाळी धातुसाधिताकडून आलेला आहे. अशा तीन-चार ओढ्यांचे पाणी मिळून ही नदी झाली.

आणि नदी हा शब्द मी उगीच वापरला नाही. जुन्या इंग्रजीतल्या या क्रियापदाला पायांचा अर्थ आहे तसा पाण्याचाही आहे. प्रवाहाचा अर्थ काही मागाहून कवींनी चिकटवलेला नाही. जर्मन भाषा ही इंग्रजीची चुलत बहीण. तिच्या घरात वाटण्या झाल्या आणि दोन वेगळी क्रियापदे राहिली : ‘रिन्नेन’ म्हणजे पाणी झरणे, वाहणे, आणि ‘रेन्नेन’ म्हणजे धावणे. इंग्रजीत घर एकत्रच राहिले. म्हणून तिथे नदी धावते, नळ धावतो, नाक धावते, मेणबत्तीचे मेण धावते, कच्च्या रंगाच्या लुगड्याचा रंगसुद्धा धावतो.

आपल्याकडेही थोडे खोदले तर हेच पाणी लागते. संस्कृतातल्या ‘धाव्’ धातूला धावण्याचा अर्थ आहे तसाच वाहण्याचाही आहे. ‘द्रु’ म्हणजे पळणे. त्यावरून ‘द्रुत’ म्हणजे जलद, आणि त्याच ‘द्रु’वरून ‘द्रव’. म्हणजे दूध, तेल, पाणी यांना आपण द्रव म्हणतो तेव्हा ‘पळणारे’ असेच म्हणत असतो. अलंकारशास्त्रकारांनी लक्षणेचे उदाहरण दिले तेही नदीचेच : गंगेवर गवळ्यांची वस्ती. वस्ती पाण्यावर कशी असेल? म्हणून ‘गंगेवर’ म्हणजे गंगेच्या काठी असे समजून घ्यायचे. पण याच शास्त्रकारांनी आणखी एक प्रकार सांगून ठेवला आहे, तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. ‘कुशल’ म्हणजे मूळचा दर्भ, कुश, नीट खुडून आणणारा. कुशाची पाती धारदार; बोट न कापता ती आणणे हे कसबाचे काम. पुढे कुश गेला, कसब राहिले. आज ‘कुशल कारागीर’ म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे दर्भ येतो? लक्षणा रुळली म्हणजे तीच वाच्यार्थ होऊन बसते. परीक्षकांना मी हे सांगितले. ते म्हणाले, मार्क शब्दार्थाला असतात, शास्त्राला नव्हे. त्यांचेही खरेच होते. उत्तरपत्रिका तीनशे होत्या.

‘रन’चे अर्थ इतके का वाढले याला आणखी एक घरगुती कारण आहे. मराठीत चालणे वेगळे आणि चालवणे वेगळे. पळणे वेगळे, पळवणे वेगळे. एक स्वतः करतो, दुसरा करायला लावतो. जुन्या इंग्रजीतही अशी जोडी होती. ‘धावायला लावणे’ याला वेगळे प्रयोजक रूप होते. काळाच्या ओघात ते रूप मूळ क्रियापदात मिसळून गेले. आता गिरणीही ‘रन’ करते आणि मालकही गिरणीला ‘रन’ करतो. एकाच सदऱ्यात बाप आणि लेक! प्रत्येक अर्थाला जोडअर्थ मिळाला.

‘सेट’ची गोष्ट मात्र याच्या उलट. तो जन्मानेच प्रयोजक. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. हे एकदा मुलांना सांगितले की त्यांचे निम्मे कोडे सुटते, कारण आपले ‘बसवणे’ही तसलेच बहुरूपी आहे. हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, कवळी बसवतात, कारभाराची घडी बसवतात, गणपती बसवतात आणि शाळेच्या संमेलनात नाटकही बसवतात. इंग्रज यांतल्या निदान हाडाला आणि खड्याला आपल्यासारखाच बसवतो.

आता हे अर्थ मोजले कोणी? इथे मला एका मास्तराची हकिगत सांगितली पाहिजे. आणि तीत मी थोडा रेंगाळलो तर वाचकांनी रागावू नये. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. त्यामुळे कमी शिकलेल्या मास्तरांविषयी मला अंमळ जास्त जिव्हाळा आहे.

१८५७ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड ट्रेंच नावाच्या धर्मोपदेशकाने इंग्रजी कोशांच्या उणिवांवर निबंध वाचला. ट्रेंच यांचे म्हणणे असे, की कोशकाराने शब्दांचा इतिहासकार व्हावे. हा शब्द चांगला, तो वाईट, असा न्यायनिवाडा करीत बसू नये. प्रत्येक शब्द भाषेत केव्हा आला, कसा वापरला गेला, अर्थ केव्हा पालटला, हे जुन्या-नव्या पुस्तकांतल्या वाक्यांच्या पुराव्याने दाखवावे. कल्पना भव्य होती. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ साली तिशीतच वारले. त्यांच्यामागून फर्निव्हॉल नावाचे गृहस्थ आले. उत्साह दांडगा, पण कामाला शिस्त नाही. वीस वर्षे होत आली तरी कोशाचे एक पान छापून झाले नव्हते.

मग १८७९ साली हे काम जेम्स मरे यांच्याकडे आले. मरे स्कॉटलंडमधल्या डेनम या खेड्यातल्या एका शिंप्याचे चिरंजीव, जन्म १८३७. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढचे सारे शिक्षण स्वतःच्या जिद्दीवर : भाषा, भूगर्भशास्त्र, वनस्पती, जुनी लेणी, जे सापडेल ते. सतराव्या वर्षी साहाय्यक मास्तर झाले. पहिल्या पत्नीची प्रकृती क्षयाने ढासळली, म्हणून हवापालटासाठी गाव सोडून लंडनला आले आणि चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या पेढीत कारकून झाले. आपल्या देशाच्या नावाच्या त्या पेढीत पत्रे लिहीत बसलेल्या या माणसाने आधीच तान्ही मुलगी गमावली होती. वर्षभरात पत्नीही गेली. पुढे दुसरे लग्न झाले. १८७० साली मिल हिल येथील शाळेत मास्तरकी मिळाली. मास्तरकी करता करता बाहेरून पदवीही पदरात पडली.

करार झाला तो दहा वर्षांचा. चार खंड, सहा हजार चारशे पाने, की काम फत्ते. मरे यांनी शाळेच्या आवारात पन्हाळी पत्र्याची एक खोली बांधली, तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असे भारदस्त नाव दिले, आणि तीत हजाराहून अधिक खणांचे कप्पे केले. फर्निव्हॉल यांच्याकडून चिठ्ठ्यांचे ढिगारे आले. काय त्यांची अवस्था! एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण पिलांसह नांदत होती. ‘एच्’ अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला होत्या. ‘पीए’पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, त्यांतल्या काही विस्तव पेटवायला वापरून झाल्या होत्या.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती दुसरीच अडचण. वाक्ये वेचून पाठवणारे स्वयंसेवक वाचताना दुर्मीळ शब्दांवर झडप घालीत आणि नेहमीचे शब्द सोडून देत. ‘अब्यूज’ हा रोजचा शब्द. त्याची उदाहरणे पाचसुद्धा नव्हती. ‘अब्यूजन’ हा कधीच मरून गेलेला शब्द. त्याची जवळजवळ पन्नास! घरात रोज भाकरी थापणाऱ्या बाईकडे कोणाचे लक्ष नसते आणि वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याचे पाय धुतात, त्यातलाच हा प्रकार. मरे यांनी छापील आवाहन काढून वाचकांना विनवले, की साध्या शब्दांचीही वाक्ये पाठवा. ‘रन’ आणि ‘सेट’सारख्या राबत्या शब्दांना कोशात जी जागा मिळाली तिच्या मुळाशी मरे यांची ही काळजी आहे.

वाक्ये येऊ लागली. पाद्री, मास्तर, निवृत्त अधिकारी, घरी बसणाऱ्या बायका, कोणीही पाठवीत. डॉक्टर मायनर नावाचे अमेरिकी लष्करी वैद्य तर ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगातून पाठवीत. भ्रमाच्या भरात त्यांनी १८७२ साली लंडनमध्ये एका निरपराध माणसाचा जीव घेतला होता. त्या कोठडीत बसून ते जुनी पुस्तके वाचीत, शब्दांची सूची करीत, आणि संपादकांना या आठवड्यात कोणता शब्द हवा आहे ते विचारून नेमक्या त्याच्या चिठ्ठ्या धाडीत. मरे यांना अकरा मुले. तीही खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या लावीत बसत. १८८५ साली कुटुंब ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर राहायला गेले. तिथे टपाल इतके वाढले की खात्याने त्यांच्या दारासमोर खास पेटी बसवली.

एका शब्दाचे काम कसे चाले पाहा. त्या शब्दाच्या साऱ्या चिठ्ठ्या काढायच्या, काळाप्रमाणे लावायच्या, मग वाक्य वाचून वाचून अर्थांचे वेगळे ढीग करायचे. दुर्मीळ शब्दाला पाच मिनिटे पुरतात. पण ‘रन’सारख्याचे ढीग पडू लागले की खोली पुरत नाही. हा घोडा धावतो तो एक ढीग. जहाज धावते तो त्याच ढिगात की वेगळा? रस्ता डोंगराच्या कडेने धावतो, म्हणजे रस्ता तर जागचा हलत नाही! करार दहा वर्षे धावतो. मजकूर असा-असा धावतो. एखादी खोड घराण्यात धावते. यांतल्या कोणत्या दोन अर्थांत भिंत घालायची आणि कोणत्या दोहोंत नुसता पडदा, हे ठरवणारा माणूस एकटाच असतो. त्याला विचारायला दुसरा कोश नसतो, कारण कोश तोच लिहीत असतो.

१८८४ साली पहिला भाग निघाला : ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत, ३५२ पाने. पाच वर्षे राबून माणूस मुंगीपर्यंत पोचला होता. त्या भागावर एक अतिशय मार्मिक परीक्षण लिहिणारे हेन्री ब्रॅडली हे शेफील्डच्या एका सुऱ्या-कात्र्यांच्या पेढीत वीस वर्षे घालवलेले कारकून. त्यांना बोलावून घेतले गेले आणि पुढे ते दुसरे संपादक झाले. ‘सेट’ त्यांच्या वाट्याला आला. ‘आर्’ अक्षर, आणि म्हणून आपला ‘रन’, विल्यम क्रेगी यांच्याकडे गेले.

मरे यांना १९०८ साली ‘सर’ किताब मिळाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली ती १९१४ साली. विद्यापीठाच्या दारात तीस वर्षे काम केल्यावर! २६ जुलै १९१५ रोजी ते वारले, तेव्हा ‘टी’ अक्षर चालू होते. ब्रॅडलीही १९२३ साली गेले. कोश पुरा झाला १९२८ साली : दहा खंड, १५,४९० पाने, ४,१४,८२५ शब्द, अठरा लाखांवर अवतरणे. ज्याने मुहूर्ताची कुदळ मारली त्याने कळस पाहिला नाही. आणि मला राहून राहून वाटते ते असे : मरे यांनी १८७९ साली करारावर सही केली तेव्हा पुढची छत्तीस वर्षे यात जाणार आहेत हे त्यांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी सही केली असती का? माझा अंदाज, केली असती. पण अकरा लेकरांच्या आईला कोणी विचारले होते का, हा प्रश्न माझ्या घरातून आला आणि त्याला मला उत्तर सुचले नाही.

त्या दहा खंडांनंतरही ‘रन’ काही थांबला नाही. त्याच्या काही अर्थांची जन्मकथा फार गमतीची आहे. दुकान, शाळा, संस्था चालवणे या अर्थी तो आला १८६०च्या सुमारास, तोही अमेरिकेत. ज्या हॉटेलाने आमच्या मुलाला दगा दिला ते असे अमेरिकेचे निघाले! निवडणुकीच्या बाबतीत तर दोन गोऱ्या भावांत फारकतच झाली. अमेरिकेतला उमेदवार १८२६ पासून निवडणुकीसाठी ‘रन’ करीत आहे. इंग्लंडातला मात्र पार्लमेंटसाठी ‘स्टँड’ करतो. अमेरिकन धावतो, इंग्रज उभा राहतो. आपणही उभेच राहतो. (निवडून आल्यावर कोण कुठे पळतो, हा विषय दिवाळी अंकात नको.)

पेढी बुडणार अशी आवई उठली की ठेवीदार धावत सुटतात. ती ‘बँकेवरची रन’ सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आहे. ‘रन द गाँटलेट’ म्हणून एक वाक्प्रचार आहे. गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा. पण या वाक्प्रचाराशी मोज्याचा काडीचा संबंध नाही. स्वीडिश भाषेत ‘गाता’ म्हणजे गल्ली आणि ‘लोप’ म्हणजे धाव. अपराधी शिपायाला दोन रांगांमधून पळायला लावायचे आणि दोन्ही बाजूंनी फटके मारायचे, ही शिक्षा. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, १६१८ ते १६४८ या वर्षांत, इंग्रज शिपायांनी ती पाहिली आणि परक्या शब्दाला ओळखीचा मोजा चढवून घरी आणला.

आणि क्रिकेट! सुरुवातीच्या काळात धावांना ‘नॉच’ म्हणत, म्हणजे खाच. कारण गुणलेखक काठीवर चाकूने खाचा पाडून मोजदाद ठेवी. आपला गवळी दारावर रतिबाच्या रेघा ओढी, तसेच. पुढे खाच गेली आणि ‘रन’ आला. पण मौज पुढेच आहे. चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागचा हलतही नाही आणि त्याच्या नावावर चार धावा लागतात. म्हणजे न धावता धावा! ‘कुशल’मधला कुश गेला तशी इथे धावेतून धावच निघून गेली, आणि आपण मराठीतही बिनतक्रार ‘चार धावा’ म्हणतो.

यंत्रांचे तर विचारूच नका. घड्याळ सोळाव्या शतकापासून ‘रन’ करते आहे. त्यामागून आगगाड्या, गिरण्या, पंप, मोटारी आल्या. माणसाने चाकाला गती दिली की इंग्रजाने तिला ‘रन’ म्हटले. आज संगणकात ज्या आज्ञा चालतात त्याही ‘रन’च होतात, तिथे तर चाकही नाही, पायही नाहीत, पाणीही नाही. ६४५ हा आकडा कसा झाला याचे बरेचसे उत्तर या यंत्रयुगात आहे. नव्या आवृत्तीसाठी ही एक नोंद सिद्ध करायला कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. नऊ महिने! घरातल्या वडीलधाऱ्या बायका हा आकडा ऐकून हसतील. पण बाळंतपणाची उपमा इथे अगदीच गैरलागू नाही.

मला यात एक मोठी गोड गोष्ट दिसते. जिथे जिथे इंग्रजी धावते तिथे तिथे मराठी बहुधा चालते. त्यांची शाळा धावते, आमची चालते. त्यांचे घड्याळ धावते, आमचे चालते. त्यांचे नाटक सहा महिने धावते, आमचे तेवढेच महिने चालते. आमच्याकडे धावते ती एस.टी. आणि आगगाडी, तीही वेळेवर असली तर. उरलेल्या ठिकाणी आम्ही पुन्हा वेगळी क्रियापदे काढतो : नाक गळते, नळ सोडतात, रंग जातो, ताप भरतो, साखर संपते, धोका पत्करतात. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला तो कोश थॉमस कँडी यांनी तडीस नेला. असल्या एका शब्दासमोर किती मराठी शब्द मांडावे लागतात याची कल्पना त्या दोघांना आणि त्यांच्या पदरच्या शास्त्र्यांना खासच आली असणार.

म्हणून आपल्या भाषेत असे राबते क्रियापद नाही की काय? छे! ‘रन’ला तोडीस तोड देईल असे एक आपल्याकडे आहे, फक्त आपण त्याच्याकडे पाहत नाही. ‘लागणे.’ भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवाही लागतो. डोळा लागतो म्हणजे झोप येते. आंब्याला मोहर लागतो आणि तळाला भातही लागतो. वाटेत गाव लागते, शाळेचा निकाल लागतो, पोराला नोकरी लागते, लग्न लागते, आणि मग एकमेकांचे कोण लागतो ते मोजावे लागते. या शेवटच्या वाक्यात तर तो दोनदा आला, दोन वेगळ्या कामांवर. कोणाचे बोलणे मनाला लागते. मूल बोलू लागते. विहिरीला पाणी लागते. समुद्रप्रवासात बोट लागते, म्हणजे प्रवाशाला मळमळते. आणि धक्क्याला बोट लागते, म्हणजे मळमळ थांबते!

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या वर्षांत सात खंडांत निघाला. तो ज्यांच्या घरी असेल त्यांनी त्यात हे क्रियापद जरूर काढून पाहावे. आमच्याकडे परवा चकल्यांचा घाणा पडत असताना मी ही यादी पाटीवर मांडायला बसलो. बत्तीसपर्यंत आलो, तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, हाताला चटका लागला, तो लिहिलास का?” लिहिला नव्हता. तेहतीस झाले.